खांद्यावरचा हात

चारकोपच्या प्रेमाला माउस धरायला शिकवलं ते तिच्या लेकीनं, जान्हवीनं. तोवर बाईनं शिलाईमशीन, मिक्सर सगळं चालवलं, पण सिद्धेशच्या कॉम्प्युटरला फडकं मारण्यापलीकडे हात लावला नव्हता. सिद्धेश म्हणजे तिचा पोरगा. हायवेला बाइकवरून गेला. मोबाइलचाही चुरा झाला. मागे राहिला हा कॉम्प्युटर, नि त्यात फोटोंचा नुसता उकिरडा. लग्नं, गणपती, पिकनिक, सगळं एकात एक.

वर्षश्राद्ध जवळ आलं. तेराव्याला आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला.

"चोरासारखा दिसतो गं त्यात माझा पोर," प्रेमा म्हणायची.

"मग तूच शोध की चांगला," जान्हवी म्हणाली. "दर रविवारी येते मी मुलुंडहून, शिकवते."

शिकली हो बाई. गावाकडचे फोटो एका फोल्डरात, लग्नांचे दुसऱ्यात. अंधारातला फोटो उजळायचा कसा, नको ते कडेचं कापायचं कसं.

"हे म्हणजे पापलेट साफ करण्यासारखंच की गं! डोकं उडव, शेपूट उडव!"

जान्हवी खो खो हसली. त्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं.

"फक्त आधी कॉपी काढत जा हां आई. मग कर काय कापाकापी करायची ती."

प्रेमाच्या नवऱ्याचं, मधुकरचं, लेकाशी कधी पटलं नाही. बापानं 'कधी येणार रे' विचारलं की पोराच्या कपाळाला आठी. दोघांचा एकत्र फोटो एकच, सिद्धेशच्याच मोबाइलवर काढलेला, गावच्या गणपतीतला. बापाचा हात लेकाच्या खांद्यावर, नि पोरगा तोंडभर हसतोय. असा तो दुसऱ्या कुठल्याच फोटोत नव्हता.

प्रेमाला हाच हवा होता. पण हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस ठेवतात का? तिच्या सासूनं नवरा गेल्यावर जोडीच्या फोटोतून स्वतःला कात्रीनं कापून काढलेलं. नि मधुकरची तर बायपास झालेली. बाईनं त्याला कापला. खांद्यावरची चार बोटं तेवढी निघेनात. घासून पुसायला गेली तर पोराचा खांदाच फिसकटला. मग ती राहू दिली, नि जुन्यावरच सेव्ह दाबलं. कॉपी मुद्दाम काढली नाही. जुना राहिला तर नवरा आत राहणारच ना, मेलेल्याला चिकटून! एक गेला, दुसरा तरी राहू दे.

श्राद्धाला फ्रेम आली. मधुकर बघतच राहिला.

"हा गावचा ना? माझ्यासोबतचा? जान्हवी, मला तो अख्खा काढून दे गं. पाकिटात ठेवीन म्हणतो."

जान्हवी कॉम्प्युटरपाशी बसली. सगळे फोल्डर धुंडाळले, कचऱ्याचा डबा उपसला. मग मान वळवून म्हणाली, "आई, त्याच्यावरच सेव्ह केलंस?"

प्रेमा नवऱ्याकडे वळली. "अहो, हाराखाली कसं ठेवू तुम्हाला? तुमचं काळीज आधीच फाटकं."

"आमचा दोघांचा तेवढाच होता गं," मधुकर म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं.

भटजींनी हार पुढे केला. प्रेमानं घेतला, पण हात वर जाईना. कसाही घातला तरी फुलं त्या बोटांवरच येणार. मधुकरनं तिच्या हातातून हार काढून घेतला.

"अहो नको, तुम्ही नको!"

त्यानं घातलाच. झेंडूखाली बोटं झाकली. करंगळीशेजारच्या बोटातली अंगठी तेवढी डोकावत राहिली. तीच आत्ताही मधुकरच्या बोटात.

"मी घातलाय. उद्या काही झालं तर तू घातलास असं मनात आणू नकोस."

कॉम्प्युटरवर आता परत नुसतं फडकं फिरतं. नि प्रेमा सकाळी डोळे उघडले की आधी शेजारी बघते, नवऱ्याची छाती हलतेय का.