ते एक वाक्य त्याच्या तोंडी बसेना

‘माझ्या निष्काळजीपणामुळे माझा अपघात झाला.’ हे वाक्य आमच्या घरात लिहिलं गेलं. टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या बाबांच्या वळणदार अक्षरात. त्याचा मला आजही संताप येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

बाबा मूळचे रत्नागिरीकडचे, सिल्वासाला शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. वक्तृत्व हा त्यांचा प्रांत. शाळेतली मुलं ते घोटून घोटून तयार करायचे. आधी संबोधन, मग कवितेच्या दोन ओळी, मग विषय, मग थांबून श्रोत्यांकडे पाहणं, शेवटी आवाज चढवून आभार. त्या वर्षांत गावाभोवती कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या आणि मार्च आला की प्रत्येकीत सुरक्षा सप्ताह. छातीला हिरवा बिल्ला, हात पुढे करून शपथ, भिंतीवर घोषवाक्यं, आणि कामगारांची भाषण स्पर्धा. परीक्षक बाबा. शाल, नारळ, स्टीलचा डबा. डबे इतके साठले होते की आम्ही त्यांत जुने पेपरही ठेवायचो.

मी तेव्हा बावीस वर्षांची. कामगारांसाठी पत्रकं लिहायची. आम्ही चार-पाच जण होतो, सायक्लोस्टाइल करून शिफ्ट सुटताना गेटबाहेर वाटायचो. शाळा-कॉलेजात जे शिकले ते विसरले, पत्रकात शिकले ते राहिलं: मथळा मोठा, वाक्य छोटं, प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह. बाबा म्हणायचे, “तुझं वाचताना कानात कोणीतरी ओरडतंय असं वाटतं.” मी म्हणायचे, “ओरडतेच आहे.”

तर एका रविवारी सकाळी एका कंपनीचा पर्सोनेल ऑफिसर घरी आला. मिठाईचा बॉक्स, आणि मागे एक माणूस, उजवा हात पँटच्या खिशात घातलेला. ऑफिसर गुजराती, मराठी मोडकंतोडकं पण गोड बोलायचा.

“सर, आ आमचा कारीगर. प्रेसवर हात गेला बिचाऱ्याचा. आता सुरक्षा सप्ताहला तेच सर्वांना सांगणार, के भाई, मी ध्यान नाही दिला, तुम्ही द्या. फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब येणार ने. बे पानं लिहून द्या. अने जरा प्रॅक्टिस.”

“आणि त्याला काय मिळणार?” मी विचारलं. बाबांनी डोळे वटारले.

“परमनंट करणार, बेन. भाषण सारू झालं के लगेच ऑर्डर.” त्याने त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली. “काय? बरोबर ने?”

तो माणूस म्हणाला, “हा साहेब.”

तो खानदेशातला, नंदुरबारच्या बाजूचा. तीस-बत्तीसचा असेल. चार वर्षं ठेकेदाराकडून त्याच कंपनीत, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर. बायको आणि दोन मुलं सामरवरणीला एका खोलीत. हात जायच्या आधी कायम होण्याची आशा होती, आता हात गेल्यावर ती एका भाषणावर येऊन टेकली होती. त्याने खिशातून हात काढला तेव्हा मी पाहिलं. अंगठा होता, करंगळी होती. मधलं काही नव्हतं.

ऑफिसर गेल्यावर बाबा लिहायला बसले. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, हे भाषण नाही, कबुलीजबाब आहे. अपघाताची चौकशी अजून बंद झालेली नाही, आणि हा सगळ्यांसमोर, इन्स्पेक्टरसमोर म्हणणार की चूक माझी. मग चौकशीत उरलं काय?

“अगो, तो कायम होतोय,” बाबा म्हणाले. “तुझ्या पत्रकाने कोण कायम झालंय आजवर? एक नाव सांग.”

सांगता आलं नाही. म्हणून जास्तच चिडले.

पुढचे दहा दिवस तो रोज संध्याकाळी पाचला आमच्या व्हरांड्यात यायचा. बाबा खुर्चीत, तो समोर उभा. “सन्माननीय व्यासपीठ” त्याला जमलं. कवितेच्या दोन ओळीही जमल्या, जराशा खानदेशी चालीत. पण ते वाक्य आलं की तो अडायचा. रोज. तिथपर्यंत सरळ यायचा, मग गप्प, मग एकदम “म्हणून मित्रांनो” म्हणून पुढे.

“एवढं एकच वाक्य कसं रे विसरतोस?” बाबा कपाळाला हात लावायचे. “बाकी सगळं पाठ!”

“व्हयी जाईन गुरुजी. तोंडात बसत नही अजून.”

“दहा वेळा लिहून काढ.”

“लिहू कशानी?” तो म्हणाला, आणि खरंच हसला. बाबांनी पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद घेतला.

मला वाटलं, हाच आपला माणूस. बाबा बाजारात गेलेले पाहून एकदा मी त्याच्या हातात माझे दोन कागद दिले. माझं भाषण. त्यात ‘नफ्याच्या राक्षसाने गिळलेली बोटं’ होतं, ‘रक्ताचा हिशेब’ होता, आणि शेवटी घोषणा. दोन रात्री जागून लिहिलं होतं. त्याने हळूहळू वाचलं, ओठ हलवत.

“ताई, हे चांगलं शे.”

“मग हेच म्हण.”

“हे तुमनं शे पण. मी असा कधी बोललो नही. मनी बायको समोर बसली तर हसीन.”

मला राग आला. सरळ सांगते, त्या क्षणी कंपनीवर नव्हता, त्याच्यावर होता. म्हटलं, “मग काय झालं ते तरी सांगता येतं का तुला? तुझ्या हाताचं आहे, माझ्या नाही!”

तो ओट्यावर बसला आणि व्हरांड्यातलं बुटकं टेबल पुढे ओढलं. डावा तळवा डावीकडे टेकवला, उजव्या हाताचं जे उरलं होतं ते उजवीकडे. “दोन बटण असतात. दोन्ही एकदम दाबली तरच डाय, वरचा लोखंडी साचा, खाली येते. म्हणजे दोन्ही हात बटणावर, आत एकपण नही. कळलं?” मग त्याने उजवा हात उचलला. “उजव्या बटणात लाकडाची पाचर मारलेली. बटण दाबलेलंच राहतं. मग डाव्यानी दाबायचं, उजव्यानी पत्रा टाकायचा, काढायचा. डबल माल निघतो.” त्याने टेबलावर डाव्या हाताने ठोके द्यायला सुरुवात केली आणि उजवा आत-बाहेर, आत-बाहेर. एकाच तालात. तो सांगायचा थांबला तरी हात थांबले नाहीत.

मी पाहिलं आणि काय केलं? माझे कागद पुन्हा त्याच्या खिशात कोंबले. म्हटलं, “हे वाच, पाठ कर.” ‘पाचर’ हा शब्द माझ्या दोन पानांत कुठेच नव्हता आणि घालावा असं मला सुचलंही नाही. पत्रकात मी ‘यंत्रणा’ लिहायची.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांबरोबर मीही गेले, परीक्षकांची मुलगी म्हणून. कंपनीच्या आवारात मांडव. इन्स्पेक्टर साहेब पुढच्या सोफ्यावर, मुंबईकडचे, मराठी समजणारे. शपथेला सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. त्यानेही केला. दुसऱ्या रांगेत होता. ऑफिसरने ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

स्पर्धेत आधी कँटीनचा सुपरवायझर बोलला, यमक जुळवून. मग पॅकिंगमधला एक. मग ह्याचं नाव पुकारलं. ऑफिसरने माइकवर सांगून टाकलं, “हवे आपणा भाई पोतानी भूल कबूल करशे, सांभळजो.” म्हणजे आता आपला भाऊ स्वतःची चूक कबूल करेल, ऐका.

तो वर गेला. संबोधन नाही. कविता नाही. बाबांचे कागद एका खिशात, माझे दुसऱ्या खिशात, दोन्ही तिथेच राहिले. म्हणाला, “साहेब, एक टेबल पाहिजे.”

इन्स्पेक्टरना आवडलं. “अरे वा, प्रात्यक्षिक! द्या, द्या.”

पाहुण्यांच्या नारळाचं टेबल रिकामं करून त्याच्यासमोर ठेवलं. आणि तो तेच बोलला जे व्हरांड्यात बोलला होता. दोन बटण. दोन्ही हात बाहेर. मग पाचर. टेबलावर ठोके. मांडवातली चारशे माणसं त्या ठोक्याला ओळखत होती. मग म्हणाला, “पाचर मी मारली नही. मी आलो तेव्हा होती. दोन नंबरला शे, चार नंबरला शे, सात नंबरला शे. आता पण शे. साहेब, चाला, दाखवतो.”

बस. एवढंच. पाच मिनिटंही झाली नसतील. आवाज एकदाही चढला नाही.

इन्स्पेक्टर सोफ्यावर पुढे सरकले. मला वाटलं, उठतात. खरंच वाटलं. तेवढ्यात ऑफिसरने टाळ्या सुरू केल्या, जोरजोरात, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. “बहु सरस! बहु सरस! साहेब, चाय-नाश्ता रेडी छे, पहेला गरम गरम लेई लो, पछी राउंड मारिये.” आधी गरम गरम खा, मग राउंड. आणि इन्स्पेक्टर, ज्यांना फक्त चाळीस पावलं चालायची होती, ते भजी खायला गेले. अर्धा तास! मी मोजत बसले होते. फोरमन शेडकडे पळताना सगळ्या मांडवाने पाहिला. राउंड झाला तेव्हा तिन्ही मशीनची दोन्ही बटणं टुणटुणीत वरखाली होत होती. साहेबांनी एकेक दाबून पाहिलं आणि समाधान व्यक्त केलं.

पहिला नंबर कँटीनच्या सुपरवायझरला गेला.

घरी येताना मी बाबांना रस्त्यातच विचारलं, “त्याला किती दिलेत?”

“संबोधन नव्हतं. समारोप नव्हता.” ते स्कूटर चालवत सरळ समोर बघत बोलत होते. “विषय सोडून बोलला.”

“विषय सोडून? बाबा, विषय सुरक्षा होता!”

“तक्त्यात जे रकाने आहेत त्यातच गुण देता येतात.”

मी स्कूटरवरून उतरले आणि उरलेली वाट चालत आले. तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटावरून नजर न उचलता विचारलं, “ती पाचर लाकडाचीच असते? की लोखंडाचीही?” मी ताट उचलून आत गेले. उत्तर द्यायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा दिलं नाही.

परमनंटची ऑर्डर अर्थातच आली नाही. पुढच्या सोमवारी ठेकेदाराने गेटवर सांगितलं, तुझं काम संपलं. लेखी काही नाही. मी सामरवरणीला त्याच्या खोलीवर गेले, नवं पत्रक घेऊन. मला वाटत होतं तो खचला असेल. तो भाजी निवडत होता, डाव्या हाताने. बायकोच जास्त तापलेली होती. “ताई, ह्याला समजावा तुम्ही. दादऱ्याला चार कंपन्यांच्या गेटवर गेला हा. प्रत्येक ठिकाणी विचारतात, हात कसा गेला? सांगावं ना, गावाकडं उसाच्या चरकात गेला! नाही. हा सगळं सांगतो. वर त्यांनाच विचारतो, तुमच्याकडं पाचर शे का? कोण ठेवील ह्याला?”

“चरकाचं पाठ करावं लागीन,” तो म्हणाला. “मना पाठांतर तुम्हाला माहीत शे.”

त्याची बायको हसली नाही. मीही नाही. मला ओरडायचं होतं, पण त्या खोलीत ओरडण्यासारखं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर दादऱ्याला गेले. एका नव्या कंपनीचं गेट, पत्र्याची छोटी खिडकी, बाहेर सात-आठ जणांची रांग. सगळे नवे, साक्री-नवापूरकडून आदल्याच आठवड्यात आलेले, पिशव्या अजून खांद्याला. त्याचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने हाताकडे पाहिलं. “ये कैसे हुआ?”

तो सांगायला लागला. दोन बटण. दोन्ही हात बाहेर. मी तोंडात आलेलं गिळून बाजूला उभी राहिले. ‘पाचर’पर्यंत आला आणि खिडकीतला म्हणाला, “काम नहीं है,” आणि पत्रा खाडकन खाली ओढला.

मागच्या माणसाने त्याच्या खांद्याला हात लावला. “दादा, मंग त्या पाचरनं काय?”

तो वळला. रांग मोडून सगळे भोवती आले होते. टेबल नव्हतं, म्हणून त्याने एकाला पिशवी खाली ठेवून दोन्ही तळवे पुढे करायला सांगितलं.

“हा तुमना डावा,” तो म्हणाला, “हा उजवा. आता नीट बघा.”