रुमालाचं टोक

माझी लेक पुस्तकात रंगली की ओठ चावते. आज दुपारीही चावत होती. तिच्या कादंबरीत अंगावर पांढरे डाग उमटलेल्या मुलींना गाव वेशीबाहेर काढतं आणि डोंगरातली एक म्हातारी त्यांना तलवार चालवायला शिकवते. मुखपृष्ठावरच्या मुलीच्या मुठीवर तसाच एक डाग होता. माझी नजर तिथून हलेना.

"आई, यातली गावातली माणसं किती दुष्ट आहेत गं!" लेक म्हणाली.

मला आमच्या वर्गातली शालन आठवली. तिच्या दोन्ही हातांवर कोड होतं. भोंडल्याचा फेर धरताना ती माझ्या शेजारी आली, तेव्हा मी तिला हात दिला नाही. माझ्या रुमालाचं टोक पुढे केलं. बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. मी हसले नव्हते, आणि तेवढ्यावरच इतकी वर्षं मी स्वतःला चांगली समजत आले. शालनने ते टोक धरलं, सगळी गाणी खड्या आवाजात म्हटली, खिरापतसुद्धा तिनेच ओळखली. पुढच्या वर्षी मात्र ती भोंडल्याला आली नाही. तिला कुठली म्हातारी भेटली नसणार, तलवार तर नाहीच.

"त्या गावातल्या कुणाला नंतर वाईट वाटतं का गं?" मी विचारलं.

"एका बाईला वाटतं. पण ती गप्पच बसते," असं म्हणून लेकीने पान उलटलं, आणि पुस्तकातून मान वर न काढताच माझा हात हातात घेतला.