दोन पॉइंट आठ व्होल्ट

नेकनूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटरचा क्लास. क्लास म्हणजे एक कॉम्प्युटर आणि आसपासच्या गावांतल्या नऊ मुली. रोज बीडला जायला घरचे सोडत नव्हते, म्हणून त्या माझ्याकडे यायच्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत सुटला होता.

परीक्षा मात्र बीडलाच होती, पंधरा दिवसांवर आलेली. तिथे नवं सॉफ्टवेअर लावलं होतं. आमच्या मशीनवर ते उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही व्हायचा. मग नऊजणींनी सराव करायचा कधी? शेवटी भावाने औरंगाबादहून दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणून दिला आणि मी हरखून गेले.

प्रोसेसर बदलताना मी एकदाच पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर कॅबिनेट उघडलं, मदरबोर्डवरच्या सॉकेटची दांडी उचलली, जुना काढला, नवा ठेवला. सगळ्या पिना अलगद बसल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी बटणाकडे हात नेला, तोच मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, येऊन प्लगच उपसला.

"किती व्होल्टचा हाय त्यो?"

"मामा, बसलाय ना बरोबर!"

"बसला म्हणून चालंलच, असं न्हाई बाई."

माझा पारा चढला. "ही काय विहिरीवरची मोटार आहे का? तुम्हाला यातलं काय कळतं?" मुलींच्या देखत बोलले मी हे. आज आठवलं तरी कान तापतात.

मामा तिथेच खाली बसले. त्यांनी चष्म्यापुढे भिंग धरलं. आमच्याकडे विजेचा दाब कधी धड नसायचा आणि ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली की उभा ऊस वाळायचा. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी व्होल्ट वाचायचे, ही त्यांची कितीतरी वर्षांची सवय. माणूस चौथी शिकलेला, इंग्रजी अक्षरांशी ओळख नाही, पण आकडे पक्के. नव्या प्रोसेसरवर बारीक छापलं होतं, २.८. मग प्रोसेसरला किती व्होल्ट मिळणार ते ठरवणाऱ्या जम्परच्या पिनांशेजारी मदरबोर्डवर छापलेला तक्ता त्यांनी बोट न लावता वाचला. तिथे ३.३ आणि ३.५, एवढंच.

"ह्यो बोर्ड त्याला जास्त दाब देनार. लगीच न्हाई, पर तापून तापून जळंल. बोर्डालाबी संगं न्हेईल."

बोर्ड गेला असता तर नऊजणींची परीक्षा तिथेच संपली असती. दुसरं मशीन गावात नव्हतंच.

मी एवढी शिकलेली, पण डोळ्यांसमोर छापलेलं वाचायचं मला सुचलं नव्हतं. मामांनी मोटारीचे वेढे आणि तारेचा गेज लिहायची आपली वही आणली आणि तो तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला. पिनांच्या जागी ठिपके, न येणारी इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढलेली. तासभर मान वर केली नाही. असा धीर माझ्यात कधीच नव्हता, अजूनही नाही.

ते पान आणि तो प्रोसेसर घेऊन भाऊ परत औरंगाबादला गेला. दुकानदाराने पान पाहून विचारलं म्हणे, कुठल्या इंजिनिअरने काढलंय? त्याने वेगाने थोडा कमी, पण आमच्या बोर्डाला चालणारा प्रोसेसर बदलून दिला. तक्त्याप्रमाणे जम्पर मामांनीच चिमट्याने हलवले. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि पुढचे दहा दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आळीपाळीने चालत राहिलं.

परीक्षेच्या सकाळी मुली निघताना पाया पडायला आल्या. माझ्या नाही, आधी पुढच्या खोलीत मामांच्या. "सर, येतो आमी," म्हणाल्या. मामा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मुलींच्या मागे मीही वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, त्या दिवशी चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "पोरींची यष्टी चुकंल. पळ तू बी संगं."