पिंपातली कढी

माझ्या मामेसासऱ्यांइतका केळीच्या सालीचा मान ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. मला आधीच कशाचंही अपराधी वाटतं, त्यात त्यांच्यामुळं कचऱ्यात साल टाकतानाही मी आधी इकडंतिकडं बघून घेतो. चिकलठाण्याच्या आमच्याच इमारतीत ते राहतात आणि गच्चीवरच्या निळ्या पिंपात घरोघरची देठं, सालपटं घालून खत करतात. लग्नाला गेले तर आहेराआधी आचाऱ्याकडं जाऊन मटाराची टरफलं मागतात. मामींना घेऊन गुलमंडीत साडी घ्यायला गेले, तर साडी दुकानातच राहिली आणि रसवंतीवरची उसाची चिपाडं पिशवीभर घरी आली. रोज सकाळी पिंपात कोपरापर्यंत हात घालून कौतुकानं सांगतात, "आज अंग गरम हाय. पचतंय बरं का!"

पण इमारतीतल्या एका बारशाला बादलीभर कढी उरली. ती मोरीत ओतलेली मामांना बघवेना. "अन्न हाय ते, जावईबापू!" म्हणत त्यांनी सगळी पिंपात रिकामी केली. मग असा वास सुटला की गच्चीवर वाळलेले कपडे बायकांनी पुन्हा भिजत घातले. सोसायटीचे सेक्रेटरी नाक दाबून वर आले. "मामा, रविवारपर्यंत वास गेला नाही तर पिंप भंगारात."

मामांचा चेहरा एवढासा झाला. पिंपात ओलं फार झालं होतं, आता भरपूर सुकं हवं होतं. आम्ही स्कूटरवर निघालो. सुताराकडून भुसा घेतला, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखालचा पाला पोत्यात भरला. एका बंगल्यापाशी वॉचमन धावला, "अंकल, क्या चुरा रहे?"

"पत्ते, भाई. सूखेवाले."

त्याला आमची इतकी दया आली की त्यानं आणखी एक पोतं भरून दिलं. चोरी केल्यासारखं वाटून मी मागं पोत्याआड तोंड लपवलं. पुढं मामा मोठ्यानं अभंग म्हणत होते आणि आमच्यामागं जालना रोडभर पाला उडत होता.

घरी येऊन आम्ही सगळं पिंप उपसलं, पाला-भुसा कालवून पुन्हा भरलं आणि रोज खालीवर करत राहिलो.

रविवारी सेक्रेटरींनी पिंपात डोकं घातलं. पुन्हा घातलं. "काहीच येत नाही की हो!" मी चक्क टाळ्या वाजवल्या.

जाता जाता ते म्हणाले, "पण मामा, तुमच्याकडं तर एक कुंडीसुद्धा नाही. एवढं खत कशाला?"

मामा हसले. "दौलताबादची जमीन इकून हितं फ्लॅट घेतला ना. शेत गेलं, पर हाताला कुठं कळतंय? व्हऊ द्या तयार. कुणाच्या तरी रानात पडंल."

आणि ते दौलताबादच्या दिशेनं बघत राहिले. मध्ये नव्या इमारती होत्या, काही दिसत नव्हतं.