सुपातला प्रबंध

अत्यंत गंभीरपणे, पूर्ण जबाबदारीने आणि डोक्यावर टोपी घालून मी जाहीर करतो की, कल्याण बंदराचा प्राचीन इतिहास डोंबिवलीत, तांदळाच्या सुपात लिहिला गेला. तो लिहिणारे गृहस्थ माझे शेजारी. मुंबईच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, म्हणून सगळी चाळ त्यांना प्रोफेसर म्हणे. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी पीएचडीचा प्रबंध हाती घेतला, आणि देश प्रजासत्ताक झाला तरी प्रबंध पारतंत्र्यातच होता.

मेहनतीत मात्र कसूर नव्हती. रोज पहाटे पाच ते सात लिहायचे, हा नेम. लिहायला बसताना कोट, टोपी आणि पायांत बूट. "घरच्या कपड्यांत गप्पा सुचतात हो, इतिहास सुचत नाही." मन उठू म्हणाले तरी देहाने उठू नये म्हणून डावा पाय उपरण्याने मेजाला बांधलेला. एकदा दूधवाल्याने कडी वाजवली, तेव्हा प्रोफेसर, मेज, दौत आणि सातवाहनांचे राज्य असे सगळेच दाराशी आले. ठाण्याचे मेहुणे भल्या सकाळी आले, तर यांनीच खिडकीतून सांगितले, "मी घरात नाही. सातला येईन. तोवर ओट्यावर बसा." मेहुणे बसले.

सात वाजले की पाय सुटे आणि त्या दिवसाचे पान मोठ्याने वाचले जाई. ऐकायला एकट्या वहिनी. समोर सूप घेऊन रेशनच्या तांदळातले खडे निवडत असत. बोलत काहीच नसत, पण एखाद्या वाक्याशी त्यांचे बोट थांबले की प्रोफेसर ते वाक्य खोडत. 'सार्थवाहांच्या गमनागमनाची विपुलता' या ठिकाणी बोट थांबले, आणि दुसऱ्या दिवशी तिथे 'व्यापारी सारखे येत-जात' असे आले. "तिचा हात अडला की वाचणाराही अडणार," असे ते मला अभिमानाने सांगत.

मग एका श्रावणात वहिनी तापाने गेल्या.

कोट चढतच राहिला, पाय बांधला जातच राहिला, पण पान कोरे. सातला खोलीतून वाचण्याचा आवाज येईना. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली, तेव्हा एका सकाळी प्रोफेसर सूप घेऊन माझ्या दारात उभे राहिले. माझी मंडळी तेव्हा गावी होती.

"जरा तांदूळ निवडता का?"

"प्रोफेसर, मी खाणावळीत जेवतो."

"जेवायचं कुठं म्हणालो मी?"

बसलो. पण माझा हात म्हणजे वहिनींचा हात नव्हे. नाकावर माशी बसली म्हणून तो थांबला, आणि एक अख्खे राजघराणे खोडले गेले. जांभई आली, अरबस्तानाशी चाललेला व्यापार बुडाला. या हिशेबाने प्रबंध मुदतीत पुरा होणे शक्य नव्हते. मी मनाशी ठरवले, आता काहीही होवो, हात थांबवायचा नाही. वाक्य कळो न कळो, सुपात खडा असो नसो, बोटे चालूच. मग पानेही चालू लागली.

शेवटचे पान त्यांनी उभे राहून वाचले. खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली, तरी काठावरचे लोक कित्येक वर्षे संध्याकाळी धक्क्यावर दिवा लावत राहिले, असे काहीसे होते. मी हात चालूच ठेवला.

वाचून झाल्यावर प्रोफेसर बराच वेळ सुपाकडे पाहत राहिले. सूप पांढरेशुभ्र होते, आणि माझी बोटे त्यात उगाच फिरत होती.

"खडे केव्हाच संपलेत," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी टोपी काढली, कोटाचे बटण सोडले, आणि एकदम, माझ्याकडे न पाहता, बोलून गेले,

"शेवटी शेवटी तीसुद्धा निवडलेलेच तांदूळ निवडत बसायची हो."