तिसऱ्या गाण्यातला मुलगा

सोफे नव्याने मढवून देणाऱ्या त्या गाळ्यात दोनच माणसं काम करायची. लाकूडकाम सुतारमामांकडे, फोम, कापड, शिलाई ताईकडे. ताई पन्नाशीची, एकटी, आणि तोंडाने अशी फटकळ की गिऱ्हाईक सोफा टेकवून लगेच काढता पाय घ्यायचं. "यावर बसत होतात की कुस्ती खेळत होतात?" असं ती तोंडावर विचारायची.

एका दुपारी मामांनी मोबाईलवर नवा अल्बम लावला. सुनेने पाठवला होता. एकच माणूस आणि गिटार. गाणी त्यानेच लिहिलेली, त्यानेच गायलेली. तिसऱ्या गाण्याला मामांनी रंधा खाली ठेवला आणि बाहीने डोळे पुसले.

"रात्रभर मीच उशाशी होतो, बाबा,
तुझ्या दमल्या श्वासांना ऊब देत..."

"किती खरं लिहिलंय," मामा म्हणाले. "असा मुलगा पोटी यायला भाग्य लागतं."

ताईने मशीन थांबवलं. वरच्या सुराला जाताना गायकाचा आवाज जरासा फाटत होता. ते फाटणं तिने लहानपणी न्हाणीघराच्या दाराआडून रोज ऐकलं होतं. नाव भारदस्त घेतलं होतं, फोटोत दाढी होती, पण हा तिचा धाकटा भाऊ ढब्बू होता.

"उशाशी होता म्हणे," ती म्हणाली. "बाबांच्या अख्ख्या आजारपणात दोनदा आला. एकदा झोपून गेला, एकदा जेवून गेला. आणि श्वासांना ऊब कसली देतो? वाफारा लागायचा त्यांना. उकळत्या पाण्याचं पातेलं मी उचलायचे. हयातीत त्यांच्यासमोर मान वर करायची हिंमत नव्हती, आता अरे-तुरे करतोय."

मामा बघतच राहिले. "तुमचा सख्खा भाऊ?"

"दुर्दैवाने."

"पण ताई, गाणं चांगलं आहे हो."

"खोटं चांगलं असावंच लागतं. नाहीतर खपेल कसं?"

घरी जाऊन तिने आधी भावाला फोन लावला.

"ढब्बू, बाबांच्या उशाशी कोण बसायचं रे?"

"ऐकलास अल्बम?" तो खूश झाला. मग त्याला प्रश्नाचा रोख कळला. "ताई, गाण्यातला 'मी' म्हणजे मीच असं नसतं. ती एक भावना असते."

"भावनेने बेडपॅन कधी धुतलं?"

"आठवं गाणं ऐकलंस का?" त्याने विचारलं.

"तिसऱ्यातच पोट भरलं."

"आठवं ऐक. मग हव्या तेवढ्या शिव्या दे."

तिने हट्टाने ऐकलं नाही. शेवटी मामा सोफा पोचवायला गेले असताना एकटीनेच लावलं. त्या गाण्यात एक मुलगा बापाला भेटायला येतो. जिन्यातच त्याला आतला खोकला ऐकू येतो आणि बहिणीचा आवाज, "थोडंसंच राहिलंय, बाबा, झालंच." दार वाजवायची त्याला हिंमत होत नाही. फळांची पिशवी दाराशी ठेवून तो आल्या पावली परत जातो.

ती पिशवी ताईला आठवत होती. शेजारणीने ठेवली असेल समजून तिने तिचे आभार मानले होते, आणि त्या बाईने ते हसतमुखाने घेतलेही होते.

ताई सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर बसली आणि रडली. मग रडल्याचा तिला भयंकर राग आला. दारापर्यंत येऊन पळून गेला तो गेला, वर त्याची चाल बांधून जगाला ऐकवली. पण त्यातला एकही शब्द तिला खोडता येईना.

"आठवं खरं आहे," तिने फोनवर सांगितलं. "पळपुट्या आहेस, पण खरं आहे. तिसरं काढून टाक."

"लोकांना तेच सगळ्यात आवडतं गं."

"लोकांना आवडणारच. त्यांना कुठे पातेलं उचलायचं होतं?"

पुढच्या महिन्यात त्याचा कार्यक्रम होता. त्याने दोन पास पाठवले. मामांनी गळ घातली म्हणून ताई गेली. सभागृहात लोक आधीच रुमाल काढून बसले होते. त्यांच्याकडे तिने लग्नात रुसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं. तिसरं गाणं सुरू झालं. ढब्बूने डोळे मिटले आणि तो गायला, "रात्रभर ताई उशाशी होती, बाबा..."

मामा तिच्या कानाशी लागले. "चुकला बघा. एवढा मोठा कलाकार आणि स्वतःचे शब्द पाठ नाहीत."

"लहानपणापासून कच्चाच आहे," ताई म्हणाली, आणि गाणं संपेपर्यंत तिने मान खाली घातली ती वर केली नाही.

कार्यक्रमानंतर तो गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आला. "आता झालं तुझ्या मनासारखं?"

"अजून 'तुझ्या'चं 'तुमच्या' कर."

"चालीत बसत नाही, ताई."

"मग चाल बदल. बाप बदलू नकोस."

ती चाल त्याने बदलली नाही. अल्बममध्ये तर आजही 'मीच' आहे. गाळ्यात मामा तोच लावतात, आणि तिसरं गाणं लागलं की ताई चहाला निघून जाते.