पश्चात कोण?

कबरीच्या दगडावर काठी आपटून ते विचारीत, "पश्चात कोण?"

निधनवार्तेतले शेवटचे वाक्य तुम्हीही वाचले असेल: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, सुना असा परिवार आहे.’ नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्या एका वाक्यावर ते माणसांचा निवाडा करीत.

जागा संपत आली, तेव्हा चर्चच्या मंडळीने नियम केला की, जुन्या कबरीत त्याच घराण्यातील माणसाला ठेवावे. घराणे ठरवण्याचे काम या निवृत्त कारकुनाकडे आले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. प्रेमाने नव्हे, दुसरे काही तोंडावर म्हणता येत नसे म्हणून. दगडांवरची झिजलेली नावे आणि वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणे जुळवून कोण कोणाचे, ते काका सांगत. पद्धत अचूक होती. मी शिक्षिका आहे, ती अचूकता नाकारणार नाही. माणूस मात्र मला कधीच आवडला नाही.

एकदा कबरीशी रडत बसलेल्या बाईंना ते म्हणाले, "हे तुमचे आजोबा नव्हेत. तुमचे पलीकडच्या रांगेत." बाईंनी डोळे पुसले, मेणबत्ती उचलली आणि पलीकडे जाऊन पुन्हा रडू लागल्या.

माझी आत्या सायखेड्याला वारली. तिने हिंदू शेतकऱ्याशी लग्न केले, तेव्हापासून आजोबांनी तिचे नाव टाकले होते. तिची शेवटची मागणी एकच होती, "मला बाबांच्या पायाशी ठेव गं. आता थोडंच हाकलणार हायेत ते?"

शववाहिका द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली होती आणि मी फाटकात काकांशी भांडत होते.

"तुमच्या आजोबांच्या पश्चात कोण? एक मुलगा. मुलगी नाही."

"काका, तुम्ही ओळखता तिला!"

"मी ओळखतो हो. दगड ओळखत नाही, कात्रण ओळखत नाही."

"लाज वाटते का काही?"

"तसं नियमात विचारलेलं नाही, बाई."

आत्याला कुंपणाच्या भिंतीशी पुरावे लागले. त्यानंतर मी त्या माणसाशी बोलले नाही.

पुढे त्यांची दृष्टी गेली आणि मंडळीने ते काम कात्रणांच्या पेटीसह माझ्यावर सोपवले. काका गेले, तेव्हा त्यांचा पुतण्या आला. "बाई, काकांना आजोबांच्या कबरीत ठेवायचंय. त्यांचे वडीलच ते, त्यात काय बघायचं?"

मी बघितले. वडिलांच्या निधनवार्तेत भावांची नावे होती, यांचे नव्हते. का, ते पुतण्यालाही ठाऊक नव्हते. काकांना ठाऊक असणारच. त्या पेटीतले सर्वांत जास्त हाताळलेले, घडीवर फाटलेले कात्रण तेच होते.

"अहो, पण सगळा गाव ओळखतो त्यांना," पुतण्या म्हणाला.

"पश्चात कोण?" मी विचारले आणि कात्रण त्याच्यापुढे ठेवले.

मोकळी जागा भिंतीशीच होती, आत्याच्या शेजारी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी आत्याचा दगड धुते. त्यांच्यासाठी वेगळी बादली आणत नाही. पण जमिनीला तिकडे उतार आहे. आत्याच्या दगडावरून उतरलेले पाणी त्यांच्या दगडाकडे जाते. ते मी अडवत नाही.